रतीब, शिधा आणि बुणगे : मराठी लष्करी बोलीतील काही नावांचा विचार

दुधाचा रतीब हा शब्द सोलापुरातील घराघरांत आजही रोज उच्चारला जातो. गवळ्याने ठरलेल्या वेळी ठरलेल्या मापाने दूध घालावे आणि महिनाअखेर त्याचा हिशेब व्हावा, या व्यवस्थेस आपण रतीब म्हणतो. या शब्दाचा घोड्याशी वा हत्तीशी काही संबंध असेल अशी शंकाही बोलणाऱ्याच्या मनास शिवत नाही. वास्तविक ‘रातिब’ हा शब्द मूळचा अरबी. नेमलेले, कायम ठरविलेले हा त्याचा अर्थ. फार्शी दफ्तरांच्या वाटेने तो दख्खनेत आला, आणि पागेतील जनावरास किंवा हत्तीस रोज नेमून दिलेला खुराक हा अर्थ त्यास येथे चिकटला. पागा मोडल्या, हत्ती गेले, खुराक नेमून देणारे कारकून गेले. नेमून देण्याची कल्पना तेवढी राहिली आणि ती गवळ्याच्या चरवीत येऊन बसली.

लष्कराच्या अन्नसामग्रीची आणि सरंजामाची नावे अशा रीतीने घरात, बाजारात आणि भांडणात शिरलेली आढळतात. शस्त्रांच्या नावांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तलवार, भाला, पट्टा यांची चित्रे ग्रंथांत छापली जातात, संग्रहालयांत त्यांना काचेची कपाटे मिळतात. परंतु ज्या तोबऱ्यातून घोडे खात होते, ज्या पखालीतून शिपाई पीत होता आणि ज्या बुणग्यांच्या जिवावर लष्कर दिवस काढीत होते, त्यांच्या नावांची चौकशी त्या मानाने थोडी झाली. ती होणे हे केवळ शब्दविलासाचे काम नाही. मोडी कागद वाचणारा विद्यार्थी या शब्दांना आजचा अर्थ लावून मोकळा होतो आणि मग त्या चुकीच्या अर्थावर इतिहासातील माणसांचा न्याय करू लागतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन मुख्यतः एवढेच आहे.

प्रथम अन्नाकडे वळू. ‘शिधा’ हा शब्द संस्कृत ‘सिद्ध’ यापासून आला. शिधा म्हणजे न शिजविलेले धान्य, आणि सिद्ध म्हणजे तर तयार झालेले. तेव्हा ही व्युत्पत्ती प्रथमदर्शनी उलटी वाटते. पण तयारी कोणाच्या दृष्टीने, हे पाहिले की कोडे सुटते. निवडलेले, मापलेले, चुलीवर चढविण्यास सज्ज असे धान्य म्हणजे शिधा. देणाऱ्याचे काम तेथे संपते, घेणाऱ्याचे सुरू होते. याच्या शेजारी ‘शिदोरी’ ठेवून पाहावी. शिदोरी घरून येते, ती शिजलेली असते आणि फडक्यात बांधलेली असते. शिधा धन्याकडून, सरकारातून किंवा यजमानाकडून मिळतो. शिध्याला माप असते. शिदोरीस ते नसते. शिपायाच्या आयुष्यात ही दोन्ही होती, आणि मराठीने ती दोन शब्दांनी निरनिराळी ठेविली.

शिधा संपला आणि शिदोरीही संपली म्हणजे शेत उरे. घोड्यावर बसल्या बसल्या ज्वारीची कणसे तळहातांवर चोळून खाणाऱ्या पहिल्या बाजीरावाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्या खरेखोटेपणाची चर्चा येथे अप्रस्तुत होईल. पण हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून जाणाऱ्यास तीत अशक्य असे काही वाटणार नाही.

‘रसद’ हा शब्द याहून वेगळ्या कुळातला. फार्शी ‘रसीदन’ म्हणजे पोहोचणे; त्यावरून रसद, म्हणजे पोहोचणारी सामग्री. त्याच धातूपासून ‘रसीद’ हा शब्द झाला, म्हणजे पोहोचल्याची खूण, पावती. आपला ‘पावती’ हा शब्दही पावणे म्हणजे पोहोचणे यावरूनच आलेला असल्यामुळे दोन्ही भाषांत एकच कल्पना वावरताना दिसते. रसदेचे सारे मर्म पोहोचण्यात आहे. कोठारात असलेले धान्य ही रसद नव्हे, वाटेत लुटले गेलेलेही नव्हे. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, त्या वेळी अंतर्वेदीत धान्य नव्हते असे नाही. पानिपतावर ते पोहोचत नव्हते. शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात असला म्हणजे ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यानंतर ‘भत्ता’. संस्कृतात ‘भक्त’ म्हणजे अन्न, विशेषतः शिजविलेला तांदूळ. त्यापासून आपला भात झाला. कन्नडात ‘भत्त’ म्हणजे साळी. सोलापूरच्या बाजारात दोन्ही भाषा कानांवर पडतात, त्यामुळे ही भावंडे येथे एकमेकांस ओळखतात. मोहिमेवर असलेल्या शिपायास पगाराखेरीज पोटासाठी जे मिळे तो भत्ता. कंपनी सरकारच्या पलटणींनी हा शब्द उचलला, आणि तो इतका मोलाचा ठरला की १७६६ मध्ये क्लाइव्हने दुहेरी भत्ता बंद करताच बंगालच्या सैन्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे पुढे केले. हुंडणावळीतील वटाव दर्शविणारा दुसरा एक शब्द इंग्रजी कागदांत याच उच्चाराने व याच अक्षरांनी लिहिला जाई, म्हणून कंपनीचे हिशेब वाचताना या दोहोंची गल्लत होते. विद्यार्थ्यांनी तेथे सावध राहावे. शिपायाच्या मुठीतील भाताचा हा शब्द पुढे कचेऱ्यांत आणि गिरण्यांत गेला. महागाई भत्ता हे त्याचे सर्वांत परिचित रूप होय. भेळीबरोबर मिळणारा कुरमुऱ्यांचा भत्ता खाताना मात्र तो पुन्हा तोंडात घालण्याची वस्तू होतो, हे पाहून गंमत वाटते.

इंग्रजी अमदानीत आलेला ‘रेशन’ हा शब्द मुळात रातिबाचाच पाश्चात्त्य जोडीदार म्हणावा लागेल. लॅटिन ‘रात्सिओ’ म्हणजे हिशेब, गणना. तेथून फ्रेंच भाषेत शिपायाचा मोजून दिलेला हिस्सा या अर्थी तो स्थिरावला आणि फ्रेंचांकडून इंग्रजांनी घेतला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि शिपायांचा हा शब्द नागरिकांच्या ओठी आला. पुढे शासनव्यवहारात मराठी शब्द योजण्याची वेळ आली तेव्हा ‘शिधापत्रिका’ हा शब्द पुढे झाला, आणि २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा जो संच शंभर रुपयांत दिला त्याचे नाव ‘आनंदाचा शिधा’ असे होते. शिवकालीन मनुष्यास त्या संचाचे नाव ऐकताच त्यात काय असेल याचा अदमास करता आला असता. पामतेलाने तो गोंधळला असता, एवढेच.

आता सामानाकडे. येथे एक भेद प्रथमच नजरेत भरतो. घोड्याच्या अंगावरील बहुतेक वस्तू फार्शी, अरबी किंवा तुर्की नावांच्या आहेत : जीन, लगाम, रिकीब, नाल, तोबरा, खोगीर. माणसाच्या अंगावरील, त्यातही गरीब माणसाच्या अंगावरील वस्तू मराठी आहेत : घोंगडी, वळकटी, पडशी, पखाल. घोडदळाची विद्या ज्या दरबारांतून आली त्यांची भाषा घोड्याबरोबर आली. घोंगडी मात्र सांगोल्याच्या धनगराने विणली होती आणि तिला दुसरे नाव घेण्याचे कारण पडले नाही. ‘पखाल’ हा शब्द ‘पयस्’ आणि ‘खल्ल’, म्हणजे पाणी आणि कातडे, अशा दोन जुन्या शब्दांचा बनला आहे; भिस्ती हा तिचा वाहक मात्र फार्शी ‘बिहिश्ती’, म्हणजे स्वर्गीय. रणात पाणी आणून देणाऱ्यास स्वर्गातला म्हणावे, हे तहानलेल्याच्या दृष्टीने योग्यच झाले.

‘खोगीर’ या शब्दाची फोड मोठी बोलकी आहे. फार्शीत ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. घोड्याचा घाम टिपून घेणारी गादी ती खोगीर. तिच्या पोटात चिंध्या, लोकर, जे हाती लागेल ते कोंबीत. त्या कोंबण्यास ‘खोगीरभरती’ म्हणतात, आणि आज आपण हा शब्द लेखातील पाल्हाळाला किंवा समितीतील निरुपयोगी सभासदांना लावतो. घोड्याच्या पाठीचे सालडे ज्याने गेलेले पाहिले असेल तो भरतीस निरुपयोगी म्हणणार नाही. तीच गोष्ट तोबऱ्याची. तोंडास बांधलेली चंदीची पिशवी हा त्याचा अर्थ. ‘तोबरा भरणे’ हा आज जेवणाऱ्याचा उपहास झाला आहे.

‘गीर’ हाच प्रत्यय ‘बारगीर’ या शब्दात आहे. बार म्हणजे ओझे; बारगीर म्हणजे ओझे घेणारा. फार्शीत हे नाव ओझ्याच्या जनावराचे. मराठी लष्करात ते माणसाचे झाले, आणि तेही विशिष्ट माणसाचे : ज्याचा घोडा सरकारचा असे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई तो शिलेदार. ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, त्याचा धनी तो सिलाहदार. सामान कोणाचे, या एका प्रश्नावर मराठी घोडदळाची प्रतवारी उभी होती, आणि ती या दोन नावांत जशीच्या तशी गोठून राहिली आहे. बंगाल्यात मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्या तेव्हा तेथील लोकांनी शिलेदार-बारगीर असा भेद पाहिला नाही. त्यांनी सर्वांनाच ‘बर्गी’ म्हटले.

(जीन या शब्दाविषयी एक सूचना करावीशी वाटते. सोलापुरात तीन जीन आहेत. घोड्याचे जीन फार्शी. जीनचे जाड कापड इटलीतील जेनोवा शहराच्या नावावरून आलेले. आणि कापसातून सरकी काढण्याची जीन इंग्रजी एंजिनाचे तुकडे होऊन झालेली. तिघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती रचणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.)

दारूगोळ्याच्या नावांचा प्रांत विस्तीर्ण आहे आणि त्यात आज शिरावयाचे नाही. एकच शब्द घेतो. फार्शी ‘दारू’ म्हणजे औषध. औषधाची पूड आणि तोफेची पूड यांस एकच नाव पडले. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूस ‘अग्नीचे औषध’ असेच म्हणतात, तेव्हा ही केवळ आपल्याकडची लहर नव्हे. प्यावयाची दारू हा त्याच शब्दाचा आणखी एक फाटा.

अन्न आणि सामान वाहणाऱ्या माणसांकडे आता आले पाहिजे. दख्खनच्या मोहिमांत धान्य वाहून आणीत ते वंजारी आणि लमाण. त्यांचे तांडे हजारो बैलांचे असत, आणि लढणाऱ्या दोन्ही बाजूंस त्यांची गरज असे. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली पुण्यावर आणि पुढे शिंदे-भोसल्यांवर चालून गेला तेव्हा त्याची भिस्त याच तांड्यांवर होती. ‘बंजारा’ या नावाची एक व्युत्पत्ती जुन्या इंग्रजी लेखकांनी दिली आहे : फार्शी ‘बिरिंज’ म्हणजे तांदूळ, तो आणणारे ते ‘बिरिंजार’. इंग्रज अधिकारी त्यांचे नाव ज्या वळणाने लिहीत, त्यास ही व्युत्पत्ती सोईची होती. परंतु ती मान्य करता येत नाही. ‘वणिज्’, ‘वाणिज्य’ या संस्कृत शब्दांतून हे नाव सरळ येते, आणि हा व्यवसाय फार्शी येथे पोहोचण्यापूर्वीचा आहे. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’, म्हणजे मीठ, यापासून आला असे मानतात. मिठाच्या वाहतुकीशी त्याचा मेळ बसतो. मिठाचे नाव निघाले की रोमन शिपायांस पगार मिठात मिळे, म्हणून पगारास इंग्रजीत मिठावरून नाव पडले, ही कथा हटकून सांगितली जाते. शब्दाचा संबंध मिठाशी आहे हे खरे. पगार मिठात देत असत याला पुरावा नाही. शब्दाची फोड आणि तिच्याभोवती रचलेली गोष्ट या दोन वस्तू निराळ्या ठेवण्याची सवय संशोधकास लागली पाहिजे.

‘छावणी’ या शब्दाचा अभ्यास मुद्दाम करण्यासारखा आहे. छावणे म्हणजे शाकारणे, वरून आच्छादणे. संस्कृत ‘छद्’ धातू त्याच्या मुळाशी आहे. तंबू-डेरे कोरड्या ऋतूतील मुक्कामासाठी. पावसाळ्यात मोहीम थांबे, लष्कर एका जागी बसे, आणि गवताने शाकारलेल्या खोपी उभ्या राहत. ती छावणी. म्हणजे छावणी हे मूळचे गवताचे नाव आहे. हा अर्थ मनात ठेवून शिवाजी महाराजांचे मे १६७३ मधील चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांस लिहिलेले प्रसिद्ध पत्र वाचावे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरांतून दाणा, भाकर, लाकूड, गवत ओढून आणतील आणि रयतेस मोगल बरे वाटतील, असा त्यात इशारा आहे. दुसरा इशारा आगीचा. कोणी आगट्या करील, कोणी विडी-तंबाखू ओढील, पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, आणि गवताच्या गंजीसकट खोपी जळून जातील. वाचणाऱ्यास हा तपशील कधी कधी अति बारीक वाटतो. छावणी म्हणजे गवत, हे ठाऊक असले की तो तसा वाटत नाही. घोड्याचे अन्न आणि माणसाचे छप्पर एकाच पदार्थाचे होते, आणि तो पदार्थ ठिणगीची वाट पाहणारा होता.

इंग्रजी काळात छावणी दगडाविटांची झाली. सोलापुरातही ती होती. तिच्या पाठोपाठ उठलेल्या वस्तीच्या ‘सदर बझार’ आणि ‘लष्कर’ या नावांनी ती आजही ओळखू येते, जरी तेथे राहणाऱ्या बहुतेकांचा लष्कराशी संबंध नाही. आणि गवताचा अर्थ? तो दुष्काळाने परत आणला. २०१२-१३ आणि २०१९ या वर्षी सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोला-मंगळवेढ्याकडे, जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. शेतकरी आपल्या गुरांसह तेथे महिनोन् महिने राहिले, कुडाच्या आडोशाखाली निजले आणि चाऱ्याच्या वाटपाची वाट पाहत बसले. महाराजांच्या पत्रातील वैरणीची चिंता तेथे जशीच्या तशी होती.

आता ज्या शब्दासाठी हा लेख मुख्यत्वे लिहिला त्याकडे येतो. ‘बुणगे’ किंवा ‘बाजारबुणगे’ म्हटले की आज आपल्यापुढे बिनकामाची, गोंधळ घालणारी, लढाईच्या वेळी पळणारी गर्दी उभी राहते. राजकीय सभेतील भाड्याच्या श्रोत्यांनाही हा शब्द लावलेला ऐकू येतो. मूळ शब्द फार्शी ‘बुनगाह’. ‘बुन’ वा ‘बुना’ म्हणजे सामान, ‘गाह’ म्हणजे जागा. लष्कराचे सामान जेथे ठेवतात ती जागा. हाच ‘गाह’ दर्गा आणि ईदगाह या शब्दांत आहे. इतकेच काय, ‘पागा’ हा शब्दही ‘पायगाह’ याचे मराठी रूप होय. पागा आणि बुणगे ही अशी सख्खी भावंडे आहेत. एकास मान मिळाला, दुसऱ्यास शिवी. खुद्द इराणात ‘बुनगाह’ या शब्दाची अवनती झाली नाही. तेथे त्याचा अर्थ पेढी, संस्था असा झाला आणि ग्रंथप्रकाशनाच्या संस्थेनेही तो अभिमानाने आपल्या नावात धारण केला.

बुनगाह म्हणजे काय याचे उत्तम उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. मंगळवेढे तालुक्यात, भीमेच्या काठी, माचणूरजवळ ब्रह्मपुरी गाव आहे. औरंगजेबाने १६९५ मध्ये तेथे तळ दिला, गावाचे नाव इस्लामपुरी असे ठेविले आणि चार वर्षे तेथून साम्राज्याचा कारभार पाहिला. १६९९ च्या ऑक्टोबरात तो मराठ्यांचे किल्ले स्वतः घेण्यासाठी बाहेर पडला. जाताना जनाना, जड सामान आणि जादा सरंजाम त्याने ब्रह्मपुरीसच ठेविला आणि त्याच्या रक्षणास वजीर असदखान यास नेमले. हे त्याचे बुनगाह. बादशहाचे कुटुंब जेथे राहते आणि साम्राज्याचा वजीर ज्याचा राखणदार असतो, त्या ठिकाणास हे नाव होते. आज ब्रह्मपुरीस जाणाऱ्यास नदी, माचणूरचा किल्ला आणि सिद्धेश्वराचे देऊळ दिसते.

जागेचे नाव माणसाचे कसे झाले, याचा उलगडा माझ्या मते मराठी व्याकरणात आहे. बुनगाह या शब्दाचा मराठी कानास ‘बुणगे’ असा उच्चार झाला. प्रथम तो नपुंसकलिंगी समूहवाचक शब्द राहिला. बुणगे म्हणजे जागा, सामान आणि त्या सामानाबरोबरची माणसे ही सारी एकत्र. पुढे ‘घोडे’, ‘मावळे’ यांच्या चालीवर तो पुल्लिंगी अनेकवचनासारखा भासू लागला, आणि भाषेने त्यास एकवचन शोधून दिले : बुणगा. एकवचन मिळताच शब्दास तोंड, हात आणि पोट आले. जागेचा तिरस्कार करता येत नाही, माणसाचा येतो.

अठराव्या शतकातील पत्रांत या शब्दाच्या जोडीला दुसरा एक शब्द येतो, ‘सडे’. बुणगे अमुक ठिकाणी ठेवून सडे होऊन जावे, अशा आशयाची भाषा मोहिमांच्या कागदांत वारंवार भेटते. सडा म्हणजे एकटा, पाठीमागे ओझे नसलेला. सडी फौज वेगाने जाई. येथे बुणगे म्हणजे सामान. त्यात निंदा नाही, ती युद्धाची एक साधी तजवीज आहे. (हा ‘सडा’ पुढे लष्करातून निघून अविवाहितांकडे गेला, ‘सडाफटिंग’ म्हणताना बायको-मुलांना आपण नकळत बुणग्यांत मोजतो.) पानिपताच्या मोहिमेत सुरजमल जाटाने जड सामान व कुटुंबकबिला मागे ठेवण्याचा सल्ला भाऊसाहेबांस दिला, असे सांगतात. तो सल्ला सडे होण्याचा आहे. परंतु आजचा वाचक ‘बुणगे’ वाचतो आणि त्यास बाजारबुणग्यांची आधुनिक प्रतिमा जोडतो. मग निष्कर्ष असा निघतो की पानिपतावर शूर लढवय्ये एकीकडे होते आणि त्यांचे अन्न खाणारी निरुपयोगी जनता दुसरीकडे. त्या गर्दीत यात्रेकरू होते, हे खरे. सामान आणि बिगरलढाऊ माणसे यांचा भार झाला, हेही खरे. पण तीत दाणेवाले होते, घोड्यांना नाल ठोकणारे होते, चारा कापून आणणारे होते, पखाली वाहणारे होते. ते लष्कराचे अन्न खात होते तितकेच ते अन्न आणीतही होते.

याचे कारण त्या काळच्या व्यवस्थेत आहे. मराठी काय आणि मोगली काय, शिपायास रोजचे धान्य सरकारी कोठीतून मिळण्याची सर्वत्र सोय नव्हती. तो पगाराच्या पैशातून लष्करासोबतच्या बाजारात ते विकत घेई. बाजार हीच त्याची कोठी. ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये शिंद्यांच्या लष्करातून लिहिलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कूच आणि मुक्काम यांचे त्यांतील वर्णन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. बिनीवाला पुढे जाऊन मुक्कामाच्या जागी महाराजांच्या डेऱ्यासाठी निशाण रोवी. मागोमाग निरनिराळ्या बाजारांची निशाणे शक्य तितक्या सरळ ओळीत उभी राहत, आणि दुकानांच्या त्या ओळींवरून लष्कराचे रस्ते पडत. म्हणजे लष्करी वस्तीचा आराखडाच बाजार ठरवीत असे. ‘बिनी’ हा शब्द कोशकार फार्शी ‘बीनी’, म्हणजे नाक, याच्याशी जोडतात. लष्कराचे नाक म्हणजे त्याची आघाडी. आजही आपण ‘बिनीचे शिलेदार’ असे गौरवाने म्हणतो. एकाच कुचाचे तोंड स्तुती झाले आणि शेपूट निंदा झाले. दोघांमधले अंतर काही कोसांचे होते.

राज्याभिषेकानंतर सिद्ध झालेल्या, रघुनाथ पंडितांच्या नावे चालणाऱ्या राजव्यवहारकोशाने फार्शी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यात शस्त्रांचा, चतुरंग सेनेचा, दुर्गांचा वर्ग आहे. पदांची नावे त्या काळात बदलली आणि बदललेली राहिली. सरनौबताचा सेनापती झाला. खोगीर, तोबरा, रसद आणि बुणगे मात्र बोलीत होते तेथेच राहिले. पद राजाज्ञेने मिळते, म्हणून त्याचे नाव राजाज्ञेने बदलते. तोबरा बांधणारा मोतद्दार कोश वाचीत नव्हता. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला, त्या वेळी फार्शी शब्दांचा मराठीतील साठा किती मोठा उरला होता हे त्याची पाने चाळणाऱ्यास दिसून येईल.

कागदांत बुणगे हा शब्द आला म्हणजे वाचकाने त्याच्या क्रियापदाकडे पाहावे असे मी सुचवीन. बुणगे ‘ठेविले’, ‘रवाना केले’, ‘आणविले’ असे असेल तर तेथे सामान व तळ समजावा. बुणगे ‘पळाले’, ‘ओरडले’ असे असेल तर माणसे समजावी. ‘बाजारबुणगे’ हे सामासिक रूप तुच्छतेने कधी आणि नुसत्या वर्णनासाठी कधी आले, हे प्रत्येक ठिकाणी लेखक कोण आणि तो कोणावर रागावला आहे यावरून ठरवावे. बखरकार पराभवानंतर लिहितो. त्याचा राग पत्रलेखकास नसतो.

जुन्या लष्करी मुक्कामाचा शब्दसंग्रह आज जिवंत पाहावयाचा असेल तर त्यासाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप दिले. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले होते, आणि अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे, तंबू व नैवेद्याची व्यवस्था झाली. आषाढात नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे मुक्काम करीत सोहळा वाखरीस येतो. तळ, चोपदार, नगारखाना, कर्णा, राहुटी, शिधा हे सारे शब्द तेथे कामाचे आहेत. कोणी ते पुस्तकातून उचललेले नाहीत. पहाटे पालखी हलण्यापूर्वीच दिंड्यांचे ट्रक पुढे निघतात. त्यांत राहुट्यांचे कापड आणि बांबू असतात, गव्हाची पोती, तेलाचे डबे, चुलींची लोखंडे, आजारी म्हातारी माणसे आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया असतात. संध्याकाळी वारकरी तळावर पोहोचतो तेव्हा राहुटी उभी असते आणि भाकरी तव्यावर असते. त्या ट्रकमधून आलेल्यांना कोणी बुणगे म्हटल्याचे ऐकिवात नाही.